डीयू हबला न्यायचे की साइटवर ठेवायचे? घोडबंदर आणि ऐरोली-महापे पट्ट्याबद्दल मतं हवीत

पारसिककर

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज कामाचा प्रश्न घेऊन आलेय. मी ट्रान्सपोर्ट प्लॅनिंगमध्ये आहे, म्हणजे मोबाईल टॉवरपर्यंत फायबर कुठून न्यायची आणि रिंग (दोन बाजूंनी पोहोचणारी वाट) कुठे बंद करायची हे बघते. सध्या समोर आहे तो ठाण्याचा घोडबंदर पट्टा, माजिवड्यापासून गायमुखपर्यंत, आणि खाडीपलीकडचं ऐरोली-रबाळे-महापे.

रेडिओवाले म्हणतात सगळे डीयू (टॉवरचं बेसबँड, म्हणजे सिग्नलचं गणित करणारे डबे) एका हबला (अनेक साइटची मिळून एक जागा) आणा, साइटवर फक्त आरयू (रेडिओचा डबा) आणि अँटेना ठेवा, जागा कमी लागते, भाडं कमी, एसी नको. ऑपरेशनवाले म्हणतात हब बंद पडला की अख्खा पट्टा बसेल, आम्हाला सगळं साइटवरच द्या. मीटिंगमध्ये दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर वाटतात आणि मग सगळे माझ्याकडे बघतात की फायबर किती किलोमीटर आहे ते सांगा.

माझं मत असं बनत चाललंय की हा प्रश्न अख्ख्या नेटवर्कला एकदम विचारायचाच नाही, प्रत्येक कामाला वेगळा विचारायचा, आणि त्या कामाच्या हातात वेळ किती आहे ते आधी बघायचं. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. २० किमी म्हणजे जायला १००, यायला १००. ५जी चा स्लॉट (हवेतल्या वेळेचा एक तुकडा) ३० किलोहर्ट्झ स्पेसिंगला ५०० मायक्रोसेकंदांचा. म्हणजे स्लॉटमधले २०० निव्वळ प्रवासातच गेले. जे काम स्लॉटच्या आत उरकायचं असतं ते अँटेनापासून लांब नेताना याचा हिशोब द्यावाच लागतो, आणि ज्या कामाला शंभर मिलिसेकंद चालतात ते साइटवर अडकवून ठेवण्यात काही अर्थ नाही. पण "मधली" कामं बरीच आहेत आणि भांडण तिथेच आहे. तुमचे अनुभव सांगा.

जुना_आरएनसी

चांगला धागा काढलात. मी २जी पासून बघतोय म्हणून थोडं मागचं सांगतो, कारण हे हेलकावे नवीन नाहीत.

२जी ला बीटीएस (टॉवरवरचं यंत्र) साइटवर आणि डोकं बीएससीत (अनेक टॉवर सांभाळणारं केंद्र). ३जी ला तसाच नोड-बी साइटवर आणि डोकं आरएनसी या केंद्रात, सॉफ्ट हँडओव्हर आरएनसीत, शेड्युलिंगसुद्धा (कोणत्या फोनला कधी किती जागा) आरएनसीत. मग डेटा वाढला आणि कळलं की रेडिओची परिस्थिती दर काही मिलिसेकंदाला बदलते आणि आरएनसीला ती कळेपर्यंत शिळी झालेली असते. म्हणून ३जीपीपी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या रिलीज ५ मध्ये एचएसडीपीए (३जीचा वेगवान डेटा) आलं तेव्हा शेड्युलर उचलून नोड-बीत टाकला, २ मिलिसेकंदाच्या टप्प्यावर. पुढे एलटीईत (४जी), रिलीज ८ ला, आरएनसी हा प्रकारच काढून टाकला, सगळं ई-नोड-बीत (४जीचं साइटवरचं यंत्र), शेजारच्या साइटशी बोलायला एक्स२ जोडणी. पूर्ण डिस्ट्रिब्युटेड.

आणि त्यानंतर दोनच वर्षांत, २०१० च्या आसपास, चायना मोबाईलने सी-रॅन म्हणून उलटी मांडणी पुढे आणली की बेसबँड परत एका जागी आणा. ५जी च्या रिलीज १५ मध्ये सीयू आणि डीयू असे दोन तुकडे अधिकृत झाले, मध्ये एफ१ इंटरफेस. त्याआधीच्या अभ्यासात ३जीपीपीने तोडायच्या आठ जागा लिहून काढल्या होत्या, वरच्या आरआरसीपासून खाली थेट आरएफपर्यंत. हे फॅशन म्हणून झालेलं नाही, दर वेळी फायबर, चिप आणि ट्रॅफिक यातलं काहीतरी बदललं म्हणून रेघ हलली. तेव्हा तुमच्या पट्ट्यात काय बदललंय ते आधी बघा.

गच्चीवाले_काका

मी टेलिकॉममधला नाही, वाघबीळला सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आमच्या गच्चीवर टॉवर आहे म्हणून वाचतोय. आरयू, डीयू, सीयू हे साध्या भाषेत कोणी सांगेल का? आणि आमच्या गच्चीवरचं ते खोलीएवढं शेल्टर जाणार की राहणार?

पारसिककर

काका, आरयू म्हणजे अँटेनाला चिकटून असलेला डबा, सिग्नल हवेत सोडणं आणि पकडणं हे त्याचं काम, आणि आता त्यातच थोडं गणितही होतं. डीयू ठरवतो की पुढच्या अर्ध्या मिलिसेकंदात कोणत्या फोनला किती जागा द्यायची, आणि एखादं पॅकेट बिघडलं तर ते लगेच परत पाठवायचं. सीयू सावकाश कामं करतो, म्हणजे फोन एका साइटवरून दुसऱ्या साइटवर सोपवणं, डेटाचं एन्क्रिप्शन वगैरे. डीयू हबला गेला तर गच्चीवर आरयू, रेक्टिफायर आणि बॅटरी एवढंच उरतं, ते एका कपाटात मावतं. पण तुमच्या टॉवरवर जुनं २जी-४जी पण असेल तर त्याचं सामान आहे तोवर शेल्टर लगेच हलणार नाही. तुमच्या करारात जागेचं माप कसं लिहिलंय ते मात्र आत्ताच बघून ठेवा.

सीयू आत नेण्याचा अजून एक फायदा काकांच्या कामाचा आहे. एलटीईत एन्क्रिप्शन साइटवरच उघडतं, त्यामुळे तिथून पुढची वाट वेगळी सुरक्षित करावी लागते. सीयू डेटा सेंटरमध्ये असला की गच्चीवरच्या डब्यातून लोकांचा डेटा जातो तो बंद लिफाफ्यातच जातो.

भरती_ओहोटी

मी हबच्या बाजूचा आहे आणि ठाम आहे. कारण या भागात ट्रॅफिक अक्षरशः खाडी ओलांडून जातं येतं. दिवसा ऐरोलीचं माइंडस्पेस, महापेचं मिलेनियम बिझनेस पार्क, रबाळे एमआयडीसी भरलेलं, संध्याकाळी तीच माणसं घोडबंदरला, कळव्याला, कोपरखैरण्याला घरी. साइटवर डीयू ठेवलात की प्रत्येक साइट आपापल्या पीकसाठी घ्यावी लागते आणि अर्धा दिवस ती रिकामी बसते. एका हबला घेतलीत तर तेच प्रोसेसर दिवसा ऐरोली सांभाळतील आणि रात्री घोडबंदर. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटीलला महिला वर्ल्ड कपची फायनल होती, रविवार, ऑफिसं बंद, म्हणजे ऐरोलीचं बेसबँड नुसतं बसलेलं आणि नेरूळला स्टेडियम भरलेलं. अशा वेळी पूल (pool, सगळ्यांनी मिळून वापरायचे प्रोसेसर) असण्याचा फायदा कळायला वेगळा अभ्यास लागत नाही.

शिवाय शेजारच्या सेलचा त्रास. घोडबंदरला तीस-चाळीस मजली टॉवर समोरासमोर आहेत, वरच्या मजल्यावर फोनला आठ-दहा सेल दिसतात आणि कुठलाच धड नसतो. हे सेल एकाच डीयूत असतील तर त्यांचं शेड्युलिंग जुळवता येतं. वेगवेगळ्या साइटवर असतील तर ते एकमेकांशी बोलेपर्यंत वेळ निघून जातो.

जुना_आरएनसी

@भरती_ओहोटी, जुळवून घेण्याचा मुद्दा मान्य. पूलिंगचा अर्धाच मान्य, कारण बेसबँडचं काम दोन प्रकारचं असतं. एफएफटीसारखं (सिग्नल वारंवारतांमध्ये मोडणं) काम सेल चालू असला की चालतंच, एक फोन असो की पाचशे. डिकोडिंग मात्र ट्रॅफिकप्रमाणे वाढतं. जुन्या सीप्री पद्धतीत (अँटेनाचे कच्चे नमुने तसेच फायबरवर पाठवायचे) सगळंच हबला जायचं, म्हणून जे कधी कमी होतच नाही तेही पूलमध्ये धरलं जायचं आणि फायदा कागदावर फुगायचा.

आणि सीप्रीची मुख्य अडचण बँडविड्थ. २० मेगाहर्ट्झ एलटीईचा एक अँटेना घ्या, सेकंदाला ३०.७२ दशलक्ष सॅम्पल, प्रत्येकी ३० बिट, वर कंट्रोल आणि लाइन कोडिंग, होतात १.२२८८ गिगाबिट. चार अँटेना, तीन सेक्टर, ठीक, जमतं. आता १०० मेगाहर्ट्झ ५जी आणि ६४ अँटेनाचं पॅनेल घ्या. १२२.८८ गुणिले ३० गुणिले ६४, म्हणजे साधारण २३६ गिगाबिट, एका सेक्टरला, आणि रिकाम्या सेललाही तेवढेच. हे कोण वाहून नेणार?

यावर २०१८ ला झालेल्या ओ-रॅन अलायन्सचा (ऑपरेटर आणि कंपन्यांची संघटना) ७.२एक्स स्प्लिट पुढे आला. एफएफटी आणि बीमफॉर्मिंग (सिग्नल फोनच्या दिशेने वळवणं) आरयूतच करा, वर फक्त लेअर (एकाच वेळी चालणारे डेटा-प्रवाह) पाठवा. १०० मेगाहर्ट्झला ३२७६ सबकॅरिअर, अर्ध्या मिलिसेकंदात १४ सिम्बॉल (स्लॉटचे बारके तुकडे), म्हणजे सेकंदाला साधारण ९.२ कोटी नमुने. ९ बिटांपर्यंत कॉम्प्रेस केले तर लेअरला पावणेदोन गिगाबिटच्या आत बसतं. आठ लेअर चौदाच्या आसपास. २५ गिगाबिटची एसएफपी (फायबरचं मॉड्यूल) पुरते. म्हणजे केंद्रीकरण शक्य झालं ते थोडं काम परत अँटेनाशेजारी नेल्यामुळे. आता तर अपलिंकचं इक्वलायझेशनही (वाटेत बिघडलेला सिग्नल सरळ करणं) आरयूत न्यायचा पर्याय आलाय, कारण पळत्या गाडीतल्या फोनचा चॅनेल डीयूने हिशोब करून परत कळवेपर्यंत बदललेला असतो.

लेट_पॅकेट

मी महाप्याला इंटिग्रेशन टेस्टिंगला आहे. एक गोष्ट जवळून बघितलेली सांगते, कारण प्लॅनिंगच्या एक्सेलमध्ये ती कधीच दिसत नाही.

७.२एक्सला आरयूकडे प्रत्येक पॅकेटसाठी एक खिडकी असते, इतक्या मायक्रोसेकंदांच्या आधी नको आणि इतक्यानंतर नको. लवकर आलं तर ठेवायला बफर नाही, उशिरा आलं तर तो सिम्बॉल हवेत निघून गेलेला असतो, पॅकेट टाकून देतात. आरयूत तीन काउंटर असतात, ऑन-टाइम, अर्ली, लेट. एका साइटवर तक्रार होती की स्पीड पडतोय पण अलार्म एकही नाही, लिंक अप, सेल अप, सिग्नल झकास. रेडिओवाले अँटेनाचा टिल्ट बदलत बसले. शेवटी लेट काउंटर उघडला तर तो हळूहळू चढत होता, सगळा वेळ नाही, फक्त गर्दीच्या वेळी. मधल्या एका स्विचवर फ्रंटहॉलच्याच (डीयू ते आरयूची वाट) पोर्टातून दुसरं ट्रॅफिकही सोडलेलं होतं, आणि मोठी फ्रेम आधी निघाली की आमचं पॅकेट तिच्या मागे थांबायचं. काही मायक्रोसेकंदच, पण खिडकी तेवढीच होती. प्रायॉरिटी नीट लावली आणि ते ट्रॅफिक वेगळं काढलं तेव्हा काउंटर थांबला.

तेव्हा पारसिककर, २० किमी गुणिले ५ एवढ्यावर बजेट बंद करू नका. प्रत्येक स्विचचा वेळ धरा, वर रांगेत थांबायचा वेळ धरा. "सरासरी उशीर" हा आकडा कोणी दिला तर घेऊ नका, सगळ्यात वाईट किती ते विचारा.

कळव्याचा_स्प्लायसर

मॅडम, मी फायबरच्या कामात आहे, कळवा-विटावा-ऐरोली हा माझाच रोजचा रस्ता. तुमच्या चर्चेत सगळे किलोमीटर सरळ मोजतायत. ठाणे ते ऐरोली नकाशावर जवळ दिसतं पण केबल रस्त्याने जाते आणि प्रत्येक चेंबरमध्ये लूप ठेवलेला असतो, रस्त्याच्या मापापेक्षा केबलचं माप जास्तच भरतं. ओटीडीआर (फायबरची लांबी मोजायचं यंत्र) लावल्याशिवाय अंतर धरू नका.

दुसरं म्हणजे रिंग. खाडी ओलांडायला एक वाट कळवा पुलावरून विटाव्याने आणि दुसरी मुलुंडवरून ऐरोली पुलाने. समजा छोटी बाजू ९ किलोमीटर आहे आणि लांबची फिरून ३१. मेट्रोच्या कामात किंवा गटाराच्या कामात जेसीबीने छोटी बाजू तोडली, ट्रॅफिक लांबच्या बाजूने फिरलं, पाठच्या ऑफिसात सगळे खूश की रिंगने काम केलं. पण ते ३१ किलोमीटर तुमच्या त्या खिडकीत बसतात का?

तिसरं. रात्री कट जोडताना घाईत जाणारी कोर एका केबलमध्ये आणि येणारी कोर दुसऱ्या केबलमध्ये असं कधी कधी करावं लागतं, कारण चांगल्या कोर तेवढ्याच उरलेल्या असतात. लिंक चालू होते, लाइट बरोबर येतो. पण ५जी वाले नंतर ओरडतात की सिंक गेलं. ते का होतं ते मला कोणी समजवा.

लेट_पॅकेट

दादा, तिसरा मुद्दा फार महत्त्वाचा मांडलात, हे ऑफिसात बसून कोणाच्या लक्षात येत नाही. पीटीपी (नेटवर्कवरून वेळ पाठवायची पद्धत) घड्याळ जुळवताना असं धरतं की जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, आणि एकूण वेळेचा अर्धा घेतं. जाणारी आणि येणारी कोर यांच्यात २०० मीटरचा फरक पडला तर १ मायक्रोसेकंदाचा फरक, आणि घड्याळ अर्ध्या मायक्रोसेकंदाने चुकतं. टीडीडीला (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलणं आणि ऐकणं) अँटेनापाशी एकूण मुभा आहे प्लस-मायनस १.५ मायक्रोसेकंद, ती सुद्धा वरपासून खालपर्यंत सगळ्या साखळीत वाटून. तुमच्या जोडणीत अर्धा किलोमीटरचा फरक आला असेल तर एकट्या त्यानेच जवळपास सव्वा मायक्रोसेकंद खाल्ला. मग एक साइट बोलत असताना शेजारची ऐकत असते आणि दोघींचं बिघडतं. जिथे असे कट वारंवार होतात तिथे आरयूला स्थानिक जीपीएस द्यावं असं माझं मत आहे, सिंक तरी फायबरवर अवलंबून ठेवू नये.

नाईटशिफ्ट

मी एनओसीत (नेटवर्कची कंट्रोल रूम) आहे, रात्रीच्या पाळीला. पहिल्या पोस्टमध्ये "ऑपरेशनवाले" म्हटलंय ते आमच्यासारखेच, म्हणून बाजू मांडतो.

लोक म्हणतात साइटवर डीयू असला तरी बॅकहॉल (डीयूपासून पुढे नेटवर्ककडची वाट) कट झाला की साइट बंदच, मग हबला काय वाईट? फरक असा आहे की बॅकहॉल मला मायक्रोवेव्हवर टाकता येतो. काहीशे मेगाबिट मिळाले तरी फोन लागतो, यूपीआय चालतं, १०८ ला कॉल जातो. फ्रंटहॉलच्या २५ गिगाबिटला साधा मायक्रोवेव्ह पुरत नाही. ई-बँड १० गिगाबिटच्या आसपास देतो पण तो ७०-८० गिगाहर्ट्झला आहे, कोकणातल्या पावसात मोठा हॉप टिकत नाही, आणि आपल्याकडे गरज नेमकी पावसात पडते. म्हणजे डीयू हबला नेलात की त्या साइटची दुसरी वाटही फायबरचीच लागणार, आणि ती सुद्धा खिडकीत बसणारी. गायमुखच्या टोकाला अशी दुसरी वाट कुठून आणणार? एका बाजूला येऊरचं जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये एकच रस्ता आणि तो कायम खणलेला.

आणि हबची जागा. कृपया तळमजला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस मोजला होता, तशा दिवशी ज्या हबवर पन्नास साइट टांगलेल्या आहेत त्याच्या बॅटऱ्या पाण्यात असता कामा नयेत.

भरती_ओहोटी

@नाईटशिफ्ट, गायमुखच्या टोकाबद्दल पटलं, तिथे माझा हट्ट नाही. पण त्यावरून माजिवडा, मानपाडा, पातलीपाड्यालाही साइटवर डीयू देऊ नका. तिथे फायबर भरपूर आहे, इमारती दाट आहेत, सेल एकमेकांवर चढलेले आहेत. जुळवून घेण्याचा फायदा तिथेच सगळ्यात जास्त.

जुना_आरएनसी

मलाही तसंच वाटतं. आणि ऐरोली-घोडबंदर एकाच डीयू पूलमध्ये घ्यायचं डोक्यातून काढा. खाडीचे दोन्ही पूल फ्रंटहॉलच्या वाटेत आले की कळव्याच्या दादांनी सांगितलेलं ३१ किलोमीटरचं गणित रोज डोक्यावर. दिवस-रात्रीच्या ट्रॅफिकचा फायदा सीयूच्या पातळीवर घ्या, तिथे एफ१ ला काही मिलिसेकंद चालतात, मुंबईभर फिरून आलं तरी फरक पडत नाही. एका सीयूखाली दोन्ही किनारे असले की हँडओव्हरला कोअरपर्यंत (मुख्य नेटवर्क) जावं लागत नाही हाही फायदा.

त्याहून सावकाश गोष्टी आणखी वर न्या. ओ-रॅनने आरआयसीचे (रेडिओ नेटवर्कला वरून निर्णय देणारं सॉफ्टवेअर) दोन भाग केलेत ते याच विचाराने, १० मिलिसेकंद ते १ सेकंदाचे निर्णय निअर-रिअल-टाइममध्ये, त्याहून सावकाश नॉन-रिअल-टाइममध्ये, आणि १० मिलिसेकंदाच्या आतलं डीयूकडेच. रात्री दोनला महाप्याचे कोणते सेल झोपवायचे हे ठरवायला अख्खा भाग दिसावा लागतो, पण घाई नसते, ते आरामात वर बसू दे.

पारसिककर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं मला मीटिंगमध्येही मिळालं नव्हतं. आता प्रपोजल असं लिहितेय. पातलीपाड्यापर्यंतचे डीयू माजिवड्याच्या हबला, वरच्या मजल्यावर. वाघबीळच्या पुढे जसजशी दुसरी वाट संपते तसे डीयू साइटवर, बॅकहॉलला मायक्रोवेव्ह बॅकअप, आणि कासारवडवलीला अधलामधला छोटा हब होतो का ते तपासायचं. ऐरोली-रबाळे-महापेचा हब वेगळा, खाडीच्या अलीकडच्या फ्रंटहॉलशी त्याचा संबंध नाही. सीयू दोन्हींना मिळून महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये, आणि सीयू पडला तर सगळंच पडतं म्हणून त्याची जोडी खाडीपलीकडे ठाण्यात. वरच्या मजल्यांच्या इमारतींसाठी जुळवून शेड्युलिंग फक्त माजिवडा हबमध्ये.

@भरती_ओहोटी, तुमचा पूलिंगचा फायदा त्यामुळे कमी होतोय हे मला दिसतंय, पण डीयूच्या पातळीवर तो घ्यायला खाडी ओलांडावी लागते आणि ते मी सही करून देऊ शकत नाही.

भरती_ओहोटी

मला अजूनही वाटतं की नेरूळ-ऐरोली-महापे हा एकच डीयू पूल ठेवा, दोन तुकडे करू नका. खाडी मध्ये येत नाही, ठाणे-बेलापूर रोडला दोन वेगळ्या वाटा मिळतात. स्टेडियमचा मुद्दा तिथे पूर्ण लागू आहे.

पारसिककर

हो, हे घेते. नेरूळ माझ्या एरियात नव्हतं पण जोडायला सांगते, अंतर बसलं तर.

गच्चीवाले_काका

म्हणजे आमचं वाघबीळ नेमकं सीमेवर! आमच्याकडे डीयू गच्चीवर राहणार असेल तर एसीच्या आवाजाचं आधीच बोलून घ्या, वरच्या मजल्यावर लहान बाळ आहे.

पारसिककर

काका, बाहेर बसणारे पंख्याशिवायचे डीयूही मिळतात, वाघबीळला तेच मागते. कराराच्या जागेचं माप तेवढं पाठवा.

कळव्याचा_स्प्लायसर

मॅडम, सही करायच्या आधी मला दोन्ही बाजूंचा ओटीडीआर करू द्या, छोटी बाजू आणि लांबची बाजू, आणि जाणारी-येणारी कोर वेगवेगळी मोजून देतो. माजिवडा ते पातलीपाडा पावसाच्या आधी होईल, कापूरबावडीच्या चेंबरवर सध्या डांबर घातलंय तेवढं उघडून द्यायची परवानगी बघा.